पान ते पिशवी: तिसरीच्या वर्गातल्या उत्पादन प्रकल्पाच्या नोंदी

मुलं 24, वय 8 ते 9. सोमवार, बुधवार, शुक्रवार प्रत्येकी 35 मिनिटांचा एक तास. वस्तू एकच: रद्दीची कागदी पिशवी. मुदत रथसप्तमीपर्यंत, कारण पिशव्या हळदीकुंकवाच्या वाणासाठी आहेत आणि त्यानंतर त्या कुणाला नको असतील.

सोमवार, 6 जानेवारी 2025

आज कात्री-कागद काहीच नाही, फक्त 20 चित्रं. शेतकरी, न्हावी, चहाची टपरी, एसटीचा चालक, कुंभार, भाजीवाली, पाऊस, बोरीचं झाड, पापड लाटणाऱ्या बायका, साखर कारखाना वगैरे. प्रश्न: यात कोण काही तयार करतंय?

कारखाना, कुंभार आणि पापड लगेच एका बाजूला गेले. शेतकऱ्यावर थोडी कुजबुज झाली, मग तोही गेला. न्हावी, चालक आणि भाजीवाली मात्र दुसऱ्या बाजूला. "न्हावी काही बनवत नाही, उलट कापून टाकतो." हे अपेक्षितच होतं. हातात धरता येते तीच वस्तू, आणि वस्तू झाली तरच काम झालं, असं या वयात पक्कं असतं. ते आज खोडलं नाही. फक्त विचारलं, की न्हाव्याकडे जाण्याआधी आणि नंतर काय बदललं? तेवढ्यावर न्हाव्याचं चित्र मधल्या रेघेवर आलं.

बोराच्या चित्राने जास्त वेळ घेतला. झाडावरची बोरं कुणी तयार केली? झाडाने. मग बोरं तोडून, टोपलीत भरून शाळेच्या फाटकाशी आणणारीने काय केलं? बोरं तीच, पण झाडावरची हाताला लागत नाहीत आणि टोपलीतली लागतात. 'आधी उपयोगाचं कमी होतं, काम केल्यावर जास्त झालं' ही व्याख्या इथे मुलांच्याच तोंडून आली. पुढे हीच वापरायची. 'उत्पादन' हा शब्द अजून फळ्यावर लिहिलेला नाही.

बुधवार, 8 जानेवारी

कच्चा माल मोजला. वर्तमानपत्राचं एकेरी पान 34 × 54 सेमी. अशी 10 पानं काट्यावर 83 ग्रॅम भरली. मुलांनी दहा-दहाच्या जुड्या केल्या. 20 जुड्या, म्हणजे 200 पानं. हिशोब रुपयांत नाही, पानांत ठेवायचा. तिसरीच्या मुलाला किलोमागे 14 रुपये दराने एका पानाचे पैसे काढायला सांगणं म्हणजे दशांश शिकवणं, आणि तो वेगळा तास.

खळ: मैदा 50 ग्रॅम, पाणी 400 मिली. 100 मिली गार पाण्यात मैदा गुठळी न राहता कालवायचा, उरलेलं 300 मिली उकळलं की त्यात ओतायचा आणि 3-4 मिनिटं ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन किंचित पारदर्शक झाली की खाली. शेगडीजवळ फक्त मोठी माणसं. चिमूटभर तुरटी घातली. बुकबाइंडर किडीसाठी मोरचूद घालत आले आहेत, पण ते विषारी. मुलांची बोटं खळीत आणि मग तोंडात जाणार, तेव्हा अजिबात नको.

पहिला नमुना एकपदरी. पान आडवं अर्धं करून 34 × 27 सेमीचा तुकडा, भोवती गुंडाळून 2 सेमीची जोड, खालून 5 सेमी दुमडून बूड. 24 मुलं, 24 तुकडे, 12 पानं खर्च. चाचणी अशी: आत 100 ग्रॅमच्या दोन साबणवड्या, पिशवी तोंडाला धरून 10 वेळा हलवायची. 15 पिशव्या तोंडाशी फाटल्या.

फाटण्याआधी आणखी एक गोष्ट दिसली. पान उभं फाडलं तर सरळ फाटतं, आडवं फाडलं तर वेडंवाकडं. कागद यंत्रात ज्या दिशेने धावतो त्या दिशेने त्याचे तंतू बसतात आणि वर्तमानपत्रात ती दिशा उभी असते. त्यामुळे आडवं अर्धं करताना प्रत्येकाच्या तुकड्याला झालर आली.

शुक्रवार, 10 जानेवारी

नवा नमुना: पान फाडायचंच नाही. आडवी घडी घालून 34 × 27 सेमी दुपदरी. घडीची कड पिशवीच्या तोंडाला. पिशवी सपाट 16 × 22 सेमीची होते. फाडणं वाचलं, तोंड मजबूत झालं, मात्र एका पिशवीला अर्ध्याऐवजी पूर्ण पान लागू लागलं. मुलांना हे खटकलं ("डबल पान गेलं!"). खटकलं ते बरं. चांगली वस्तू जास्त माल खाते, हे त्यांना फळ्यावर सांगावं लागलं नाही.

दुपदरीत एक अडचण: बाहेरचा पदर चिकटतो, आतला सरकतो. म्हणून घडी मिटण्याआधी दोन पदरांमध्ये काठाला खळीचे तीन ठिपके द्यायचे.

घडी सरळ यावी म्हणून पुठ्ठ्याचे चार साचे कापले, प्रत्येकी 15.5 × 26 सेमी. पिशवीपेक्षा अर्धा सेमी कमी, नाहीतर साचा आतून निघत नाही. पहिला 16 चा कापला होता, तो ओढताना जोडच उकलली.

फेरी पहिली, 20 मिनिटं, प्रत्येकाने आपली पिशवी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने करायची. पिशव्या 31, चाचणीत उतरल्या 19, पानं गेली 40. नऊ पानं पिशवी होण्याआधीच फाटली किंवा भिजली. कारण बहुतेक एकच: खळ जास्त. मुलं खळ लावत नाहीत, सारवतात. वृत्तपत्री कागद पातळ, ओला झाला की बोटाने भोक पडतं. उपाय: आइस्क्रीमच्या काडीने लावायची आणि 2 सेमी सोडून बाकी भाग पुठ्ठ्याच्या पट्टीने झाकायचा.

अर्धी खळ उरली. एका पिशवीला साधारण 3 ग्रॅम पुरते. पुढच्या वेळी 25 ग्रॅम मैदा, 200 मिली पाणी.

सोमवार, 13 जानेवारी

फेरी दुसरी, 20 मिनिटं, रांग लावून. सहा-सहाचे चार गट. गटात घडी 1, साचा 2, खळ 1, दाबणं 1, तपासणं 1.

पिशव्या 26. एकट्याने केल्या त्यापेक्षा कमी! मुलं हिरमुसली, पण प्रकल्पाच्या दृष्टीने आजचा दिवस सगळ्यात कामाचा. 'कामं वाटून घेतली की जास्त होतं' हे वाक्य पाठ करून घेणं सोपं. आज ते खोटं ठरलं आणि का ठरलं ते डोळ्यांना दिसलं: चारही गटांत खळवाल्यापुढे घड्यांचा ढीग आणि दाबणारा हातावर हात ठेवून. बाजूची जोड आणि बूड, दोन्हींची खळ एकाच मुलाकडे. शिवाय पहिली चार मिनिटं रांगेच्या शेवटच्या दोघांकडे काही पोचलंच नाही.

दुसरा आकडा मात्र वेगळं सांगतो. 26 पैकी 22 उतरल्या आणि पानं गेली फक्त 30. कमी झाल्या, पण नासाडीही कमी.

पिशव्या पुस्तकांखाली दाबून ठेवल्या. उद्या संक्रांतीची सुट्टी.

बुधवार, 15 जानेवारी

दाबलेल्या 22 पैकी 11 एकमेकींना चिकटल्या. सोडवताना वरचा थर निघून आला. खळ ओली असताना एकावर एक रचून वर वजन ठेवलं आणि वारा लागू दिला नाही, ही चूक मोठ्यांची. यापुढे आधी दोरीवर 40 मिनिटं सावलीत, मग पुस्तकांखाली. उन्हात नको: ओल झपाट्याने उडाली की बुडाची पट्टी चुरगळते. बुडाची पट्टी तंतूंना आडवी आहे. ओला कागद तंतूंच्या आडव्या दिशेनेच जास्त फुगतो, म्हणून बाजूची जोड नीट बसते आणि बूड सुरकुततं.

फेरी तिसरी. रांग बदलली: घडीवाला पाच मिनिटं आधी बसून साठा करतो आणि मग तपासणीला जातो. बाजूच्या जोडीला खळ 2, साचा 1, बूड 1 (त्याची खळीची वाटी वेगळी), दोरीवर टांगणं 1.

पिशव्या 52, उतरल्या 49, पानं 54.

1776 मध्ये अ‍ॅडम स्मिथने टाचण्यांच्या कारखान्याचा दाखला दिला होता: काम सुमारे 18 भागांत वाटलेलं, 10 माणसं, दिवसाला 48,000 टाचण्या. शिक्षकांच्या टिपणात तो असावा, मुलांना सांगू नये. 48,000 हा आकडा या वयात 'खूप' एवढंच सांगतो. 26 आणि 52 त्यांच्या स्वतःच्या हातचे आहेत.

शुक्रवार, 17 जानेवारी

आज हात कोरडे. फळ्यावर दोन रकाने: 'पिशवी झाल्यावर संपलं' आणि 'पिशवी झाल्यावर उरलं'. पान संपलं. खळ संपली. काडी उरली, दोरी उरली, वाटी उरली. साच्यावर वाद. चारपैकी एकाची कड खळीने भिजून मऊ पडली आहे, घडी आता तिरकी येते. "तो थोडा थोडा संपतोय," म्हणून साचा दोन रकान्यांच्या मधे लिहिला. मोठ्यांच्या भाषेत हा घसारा. मुलांना शब्द दिला नाही, पण बाकीच्या तीन साच्यांच्या कडांना चिकटपट्टी लावायचं त्यांनीच ठरवलं.

मग प्रश्न: तुमची 20 मिनिटं कुठल्या रकान्यात? बराच वेळ कुणी बोललं नाही. हात उरले, मुलं उरली, मग काहीच संपलं नाही का? शेवटी "ती मिनिटं परत येणार नाहीत" म्हणून 'संपलं'मध्ये. त्यानंतर तिसरा रकाना 'कुणी केलं' आणि चौथा 'कुणी ठरवलं' (आकार किती, रांग कशी, कुणासाठी).

पाठ्यपुस्तकांतले चार घटक भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजक. या वयाला ती यादी जशीच्या तशी देऊ नये असं आमचं मत पक्कं होत चाललंय. मुलाला सगळ्यात आधी दिसतं ते पान, आणि कच्चा माल म्हणून पान भांडवलातच (खेळत्या भांडवलात) मोडतं, हे या यादीवरून त्याला कळत नाही. संपलं-उरलं यापासून सुरुवात केली तर श्रम आणि भांडवल आपोआप वेगळे पडतात.

आज ऑर्डरही आली: शेजारच्या गल्लीतल्या चार घरांत मिळून 110 पिशव्या. पैसे घ्यायचे नाहीत हे आधीच ठरलं होतं. 14 वर्षांखालच्या मुलांना कामाला लावून विक्री करणं शाळेच्या प्रकल्पाच्या नावाखालीही नको. मोबदला रद्दीचा. मुलांनी भाव सांगितला, "एक पिशवी, एक पान." मागून आवाज आला, "मग आपण फुकट केलं?" त्यावर भाव ठरला एका पिशवीला 2 पानं. रद्दीच्या दराने 2 पानं म्हणजे जेमतेम 23 पैसे, घरच्यांनी आनंदाने मान्य केलं.

हा भाव लावून जुन्या फेऱ्या पुन्हा मोजल्या. पहिली: 40 पानं गेली, 19 पिशव्यांची 38 येतील. दोनचा तोटा. दुसरी: 30 गेली, 44 येतील. (चिकटलेल्या 11 धरल्या तर 22च, पण तो साठवणीचा दोष, रांगेचा नव्हे.) तिसरी: 54 गेली, 98 येतील, वर 44. "ही 44 पानं कुठून आली? छापली तर नाहीत." हा प्रश्न एका मुलीचा. याच्या उत्तराला आज 'उत्पादन' हे नाव दिलं आणि शब्द फळ्यावर आला.

नमुन्याच्या 5 पिशव्या चार घरी पाठवल्या.

सोमवार, 20 जानेवारी

शंका अशी होती: 26 वरून 52 झाल्या त्या रांग बदलल्याने, की हात बसल्याने? आज पडताळा. एक गट एकट्याने करणारा, तीन गट रांगेत, वेळ तेवढीच. रांगेतली मुलं दहाव्या मिनिटाला जागा बदलतील, कारण खळवाले कंटाळले आहेत आणि त्यांची तक्रार रास्त आहे.

एकट्याने करणाऱ्या सहांच्या 9 झाल्या, 7 उतरल्या. 10 जानेवारीला सहा मुलांमागे पावणेआठ पडल्या होत्या, म्हणजे सराव दिसतो, पण थोडा. रांगेतल्या तीन गटांच्या 35, म्हणजे गटामागे साधारण 12, उतरल्या 33. पंधरा तारखेला गटामागे 13 होत्या. एक गेली ती जागा बदलण्यात. ही किंमत परवडते. एकाच जागी बसवलेल्या मुलाला पिशवी कशी होते ते कळतच नाही, आणि इथे पिशवीपेक्षा ते कळणं महत्त्वाचं.

आज पानं गेली 46. शिल्लक 18 पानं, चांगल्या पिशव्या 114.

बुधवार, 22 जानेवारी

सोमवारची खळ आंबली. वास आणि वर पाणी सुटलेलं. फेकली. गार दिवसांतही दोन दिवसांपलीकडे ठेवू नये, आणि पिशव्यांचा खोकाही कपाटात मोकळा ठेवू नये, झुरळं खळीवर येतात.

त्याऐवजी दोरीचा खेळ. एका मुलीच्या हातात पिशवी. तिच्या पिशवीला काय लागलं? पान. पानाला? छापखाना, शाई, कोरा कागद. कोऱ्या कागदाला? लाकडाचा लगदा. दुसऱ्या फाट्यावर खळ, मैदा, गिरणी, गहू, शेतकरी. एसटीच्या चालकाचं चित्र कुणीतरी स्वतःहून उचलून छापखाना आणि घर यांच्या मधे आणून ठेवलं. वर्तमानपत्र गावात पोचलं नाही तर रद्दी कुठली! न्हावी अजून रेघेवरच आहे.

शुक्रवार, 24 जानेवारी

80 पिशव्या पोचत्या केल्या, 160 पानं आली.

दोन गोष्टी ताबडतोब स्पष्ट कराव्या लागल्या. एक: यात तिळगूळ किंवा हलवा सुटा घालायचा नाही. छपाईची शाई अन्नाला लागते. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असं भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2016 मध्ये बजावलं आहे. कंगवा, साबण, रुमाल, बांगड्या चालतील. दोन: एका घरी वाण म्हणून डबे आहेत, 12 सेमी लांब-रुंद आणि 6 सेमी उंच. डब्याच्या भोवतीचा घेर 36 सेमी, पिशवीचा 32. जात नाही. त्यांनी आपल्या 10 पिशव्या रद्द केल्या.

मुलांना मोठी पिशवी करून द्यायची होती. नाही म्हटलं. नवा आकार म्हणजे नवे साचे, नवा सराव, पुन्हा पहिल्या फेरीसारखी नासाडी, आणि शिल्लक दिवस मोजके. चूक खरं तर 17 तारखेची: नमुना पाठवला, पण आत काय घालणार हे विचारलं नाही.

बुधवार, 29 जानेवारी

सोमवारी तास झाला नाही. आज आलेली 160 पानं लावली, त्यातली 26 पुरवण्यांची, लहान आकाराची. दुमडल्यावर साच्याभोवती पुरत नाहीत. भाव ठरवताना 'पान' म्हणजे किती मोठं हे लिहिलं नव्हतं. आता वर्गाच्या दारावर 34 × 54 सेमीचं नमुना-पान लावलंय.

सोमवार, 3 फेब्रुवारी

उरलेल्या 20 दिल्या, 40 पानं आली, सगळी मोठी. उद्या रथसप्तमी.

बुधवार, 5 फेब्रुवारी

ताळा. सुरुवातीला 200 पानं. वापरली 12, 40, 30, 54, 46, एकूण 182. उरली 18, आली 200, आज हातात 218. त्यातली 26 लहान, म्हणजे कामाची 192. सुरुवातीपेक्षा आठ कमी.

मुलं चक्रावली. चांगल्या पिशव्या तर 130 झाल्या होत्या, 260 पानं यायला हवी होती, आली 200. साठ कुठे गेली? जुड्या मांडून शोधलं: चिकटलेल्या 11 पिशव्यांची 22, नमुन्याच्या 5 पिशव्यांची 10, आणि खोक्यात पडून असलेल्या 14 पिशव्यांची 28. बेरीज 60. एकही पान चोरीला गेलेलं नाही, याचा वर्गाला भारी आनंद.

त्या 14 पिशव्यांवर चर्चा. साबणाच्या चाचणीत उतरलेल्या, अगदी नीट. पण हळदीकुंकू काल संपलं. सोमवारी त्यांना 2 पानं मिळत होती, आज वह्या-पेन्सिलींच्या दुकानदाराने 1 पान देऊ केलं. पिशवी तीच. घ्यायचं की नाही यावर हात वर करून मत घेतलं: 15 विरुद्ध 9, द्यायच्या. एका पानात कागद परत येतो, खळ आणि मिनिटं नाही, हे हरलेल्या नऊंचं म्हणणं बरोबर होतं. ठेवून घेतल्या तर तेवढंही येणार नाही, हे जिंकलेल्यांचं.

तास संपताना न्हाव्याचं चित्र रेघेवरून 'तयार करतो'च्या बाजूला गेलं. "त्याची पण मिनिटं संपतात आणि कात्री उरते."

कपाटात ठेवलं: साचे 3 (चिकटपट्टी लावलेले), दोरी, वाट्या, काड्या, 19 जुड्या आणि सुटी 2 मोठी पानं. 26 लहान पानं वेगळी बांधली, पेन्सिलीच्या पाकिटांसाठी 9 सेमी रुंदीचा साचा करून पाहायचा आहे.